पाच बाय सहा

"सिंगल ना?" त्यानं विचारलं,
माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघत.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, गादीचं दुकान,
शनिवारची दुपार.
मी म्हटलं, "डबल."
"साहेब येतील ना बघायला?
परत केलेला माल आम्ही घेत नाही."

मला हसू आलं.
परत आलेलं कुणीच घेत नाही
हे मला माहेरच्या उंबऱ्यावर
नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं.

चपला काढल्या.
पर्स पोटावर धरून आडवी झाले,
भर दुकानात, त्या पोऱ्यासमोर,
काचेबाहेरून जाणाऱ्या रिक्षांसमोर.
आधी पाठ घाबरली.
मग एकेक मणका
आपापली जागा मागू लागला.
"ही फार मऊ आहे. जरा कडक दाखवा."
मला काय हवंय ते एवढ्या मोठ्यानं
याआधी कधी बोलले होते,
आठवेना.

एकोणीस वर्षं मी भिंतीकडेला झोपले.
वाईट नव्हता तो. हात उचलला नाही कधी.
हात लावायचा तो मात्र
अंधारात स्विच चाचपल्यासारखा,
आणि दिवा लागला की नाही
हे न बघताच कूस बदलायचा.
मी भिंतीच्या पोपड्यांकडे बघत राहायचे.
एका पोपड्यात दर वेळी होडी दिसायची,
शिडाची. आत कुणी नसलेली.

महापेला कंपनीत एकजण आहे. स्टोअरमधला. इंगवले.
डबा उघडला की आधी माझ्याकडे सरकवतो,
विचारतो, "तिखट चालतं ना तुम्हाला?"
चालतं.
अजून मी फक्त तिखटापुरतंच सांगितलंय.
त्याच्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण आहे,
ती मला रात्री कधीकधी आठवते
आणि हल्ली मी तिला हाकलत नाही.
पण ही गादी त्याच्यासाठी नाही.
म्हणजे, असूही शकेल पुढंमागं.
सध्या ती सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमची,
पॅकिंगच्या लाईनवर सुजलेल्या पोटऱ्यांची,
माझी.

पोऱ्यानं बिलावर "मिसेस" लिहिलं आणि थांबला.
"खोडा ते," मी म्हटलं. "हेमांगी लिहा."
त्यानं खोडलं. कार्बनखालच्या कागदावर
दोन्ही उमटलं.

गादी जिन्यात अडकली.
माथाडी वसाहतीतले जिने
माणूस एकटा वर जाईल एवढेच.
वरून टेम्पोवाला ओढतोय, खालून मी,
आणि मधल्या मजल्यावर दार किलकिलं करून
डुंबरेकाकू:
"पाहुणे यायचेत वाटतं?"
"जरा ढकला, काकू."
त्यांनी पदर खोचला आणि ढकलली.
गादी सुटून वर गेली तरी
काकूंचा तळवा तिच्यावरच होता,
दोन पायऱ्या चढून आल्या त्या तिच्यासोबत.
"बरी आहे," म्हणाल्या. "दबत नाही फार."
मग काकांनी आतून चहाला हाक मारली.

रात्री प्लॅस्टिक काढलं नाही.
मळेल म्हणून. की अजून
परत करता येईल म्हणून.
सवयीनं भिंतीकडेलाच झोपले,
हात अंगाशी घेऊन,
उरलेले चार फूट
कुणाचे तरी असल्यासारखे.

तीनच्या सुमाराला जाग आली.
खाडीचा वास आला होता घणसोलीकडून,
आणि लांब कुठंतरी कंपनीतली वाफ सुटत होती.
मी मध्याकडे सरकले
तसं प्लॅस्टिक इतकं वाजलं
की घरात कुणीतरी उठेल म्हणून
मी श्वास धरला.
कुणी उठलं नाही.
घरात मीच होते, आणि मी उठलेलेच होते.

कात्री सापडेना.
दातांनी फाडलं, एका कोपऱ्यापासून,
गुडघ्यांवर बसून, केस तोंडात येत होते,
दमले, थांबले, पुन्हा फाडलं.
खाली कापड हाताला लागलं. गार.
दुकानात गादीचा रंग
मी बघितलाच नव्हता.
दिवा लावला.

जांभळा निघाला.